जमा तेवढाच खर्च

आंत्वान लाव्हाझिए हे नाव आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत येते. द्रव्य अक्षय्यतेचा नियम त्यांनी मांडला: रासायनिक क्रियेत द्रव्य निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. परीक्षेला एवढे पुरते. पण हेच लाव्हाझिए फ्रान्सच्या सैन्यासाठी बंदुकीची दारू तयार करत होते, कर गोळा करणाऱ्या कंपनीचे भागीदार होते आणि शेवटी त्यांच्याच देशाने त्यांना मृत्युदंड दिला, हे मला त्यांच्याविषयी वाचल्यावर कळले. म्हणून मराठी पानासाठी मी त्यांचे चरित्र निवडले.

लाव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील होते. आई लहानपणीच वारली. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण मन रमले ते विज्ञानात. १७६८ मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी राजासाठी कर गोळा करणाऱ्या खाजगी कंपनीत हिस्सा विकत घेतला. १७७१ मध्ये याच कंपनीतील एका भागीदाराच्या मुलीशी, मारी-आन यांच्याशी, त्यांचे लग्न झाले. मारी-आन तेव्हा फक्त तेरा वर्षांच्या होत्या. पुढे त्या इंग्रजी शिकल्या, इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करून पतीला देऊ लागल्या, प्रयोगांच्या नोंदी ठेवू लागल्या आणि उपकरणांची अचूक चित्रेही काढू लागल्या.

त्यांचे वेळापत्रक आपल्या शाळेत सहज खपले असते. सकाळी सहा ते नऊ विज्ञान, दिवसभर नोकरी, संध्याकाळी सात ते दहा पुन्हा विज्ञान. आठवड्यातला एक पूर्ण दिवस फक्त प्रयोगांसाठी.

त्या काळी ज्वलनाविषयी एक समजूत होती. पदार्थ जळतो तेव्हा त्यातून फ्लोजिस्टन नावाचे काहीतरी बाहेर पडते, असे मानत. लाकूड जळून थोडीशी राख उरते, तेव्हा हे पटतेही. पण धातू हवेत तापवला की त्याचे वजन वाढते. बाहेर काही गेले असेल तर वजन वाढेल कसे? लाव्हाझिए यांनी हा प्रश्न एखाद्या कारकुनासारखा सोडवला. वहीत रक्कम जास्त दिसते, तर ती कुठून तरी जमा झालेली असणार.

१७७४ मध्ये त्यांनी काचेच्या भांड्यात कथील घालून भांडे पूर्ण बंद केले, वजन केले आणि तापवले. कथलाची भुकटी झाली, पण भांड्याचे एकूण वजन तेवढेच राहिले. भांडे उघडल्यावर हवा सूं करून आत शिरली आणि मग वजन वाढले. म्हणजे धातूने भांड्यातल्या हवेचाच काही भाग घेतला होता. नंतर त्यांनी पारा बारा दिवस तापवला. बंदिस्त हवा सुमारे एक षष्ठांशाने कमी झाली आणि पाऱ्यावर लाल भुकटी जमली. तीच भुकटी जास्त तापवल्यावर घेतलेली हवा परत मिळाली. तिलाच त्यांनी ऑक्सिजन हे नाव दिले. हा वायू त्यांच्याआधी स्वीडनच्या शील आणि इंग्लंडच्या प्रीस्टली यांनी वेगळा केला होता, आणि प्रीस्टलींनी पॅरिसमध्ये जेवणाच्या टेबलावर त्यांना त्याविषयी सांगितलेही होते. लाव्हाझिए यांनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले नाही. मात्र त्या वायूचा अर्थ प्रथम त्यांनीच लावला.

आपण समीकरण संतुलित करतो ते याच हिशेबावर. ४८ ग्रॅम मॅग्नेशिअम जळताना ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो, आणि ८० ग्रॅम मॅग्नेशिअम ऑक्साइड मिळते. डाव्या बाजूला जेवढे जमा, तेवढेच उजव्या बाजूला. हे लक्षात आल्यापासून मला समीकरणापुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आता कॅडेटच्या कामाची गोष्ट. बंदुकीची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची असते. सोऱ्यामध्ये ऑक्सिजन असतो, म्हणूनच ती बंद नळीतही पेटते. त्या काळी उत्तम सोरा आपल्या बिहारमधून येई आणि तो व्यापार इंग्रजांच्या हातात गेला होता. फ्रान्समध्ये सोऱ्यासाठी सरकारी माणसे लोकांची तळघरे आणि तबेले खणत. १७७५ मध्ये लाव्हाझिए दारूखात्याच्या प्रमुखांपैकी एक झाले. त्यांनी ही खणाखणी कमी करवली, सोरा तयार करण्याच्या पद्धती सुधारल्या आणि काही वर्षांतच फ्रान्सची दारू नावाजली जाऊ लागली. अमेरिकन वसाहती इंग्रजांशी लढल्या त्या बऱ्याच अंशी फ्रान्सहून आलेल्या दारूवर. याच सुमारास म्यूनिये या सैन्यातल्या इंजिनिअर अधिकाऱ्याबरोबर त्यांनी लाल तापलेल्या लोखंडी बंदुकीच्या नळीतून पाणी सोडले. ऑक्सिजन लोखंडाने धरून ठेवला आणि हायड्रोजन बाहेर आला. पाणी हे मूलद्रव्य नाही, हे एका बंदुकीच्या नळीने दाखवून दिले! १७८९ मध्ये त्यांचा रसायनशास्त्राचा ग्रंथ आला. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी होती. तिच्यात प्रकाश आणि उष्णताही होत्या, म्हणजे यादी चुकीचीही होती. पण ज्याचे आणखी विघटन होत नाही ते मूलद्रव्य, ही कसोटी टिकली.

त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. कर गोळा करणारी कंपनी लोकांना सर्वांत जास्त नकोशी होती. ती मिठावरही कर घेई, आणि मिठावरचा कर गरिबाला कसा लागतो हे दांडी यात्रेमुळे आपल्याला माहीत आहे. करचोरी थांबावी म्हणून पॅरिसभोवती बांधलेली भिंत लाव्हाझिए यांच्याच सूचनेवरून उभी राहिली होती. नोव्हेंबर १७९३ मध्ये ते पकडले गेले. ८ मे १७९४ रोजी सकाळी खटला चालला आणि त्याच दिवशी कंपनीच्या २८ जणांना गिलोटिनवर चढवण्यात आले. त्यांत त्यांचे सासरेही होते. लाव्हाझिए पन्नास वर्षांचे होते. पुढे दीड-दोन वर्षांत सरकारने जप्त केलेल्या त्यांच्या वस्तू पत्नीला परत केल्या आणि शिक्षा चुकीची होती हे मान्य केले. त्यांचे उरलेले लेखन मारी-आन यांनीच छापून घेतले.

त्यांना दिलेली शिक्षा अन्यायाची होती, याविषयी मला शंका नाही. पण ज्या पैशातून त्यांचे अतिशय अचूक आणि महागडे तराजू आले, तो पैसा त्याच करांचा होता. प्रयोगशाळेत त्यांनी वायूचा एक कणही हिशेबाबाहेर राहू दिला नाही. करांच्या वहीत मात्र मीठ विकत घेणारी माणसे फक्त आकडे होऊन राहिली. आपल्यातले बरेच जण उद्या गणवेशात असतील आणि आपल्या हातातला प्रत्येक पैसा, प्रत्येक काडतूस जनतेच्या करातून आलेले असेल. तेव्हा जमाखर्च लिहिताना दोन्ही बाजू पाहायच्या, एवढे मी लाव्हाझिए यांच्याकडून शिकलो.