जगदीशचंद्र बसू आणि झाडांतील पाणी

निरांजनातील वात तेल वर ओढते. टीपकागद शाई शोषून घेतो. बारीक काचनळी पाण्यात उभी धरली, तर पाणी तिच्यात आपोआप चढते. या क्रियेस केशाकर्षण म्हणतात. काच पाण्यास आपल्याकडे ओढते, म्हणून पाणी कडेने वर सरकते आणि पृष्ठताणामुळे मधले पाणीही त्यामागे येते. नळी जितकी अरुंद, तितके पाणी उंच. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.२ मिलिमीटरच्या नळीत सुमारे १५. सागाच्या खोडातील मोठ्या नळ्या साधारण एवढ्याच असतात. मग झरी जामणीच्या रानातला साग आश्विनातल्या कडक उन्हात शेंड्याच्या पानांना पाणी पोचवतो तरी कसे?

याच कोड्याने जगदीशचंद्र बसूंना उतारवयात झपाटले होते. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. वडील सरकारी अधिकारी. तरी त्यांनी मुलास बंगाली शाळेतच घातले. कोळ्यांची व शेतकऱ्यांची मुले तेथे त्याचे सोबती होते. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये जगदीशचंद्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी ते नाकारून तीन वर्षे विनावेतन शिकविले. आणि हे वडिलांवर कर्ज असताना! अखेर सरकारने मागील बाकीसह पूर्ण वेतन दिले.

प्रथम त्यांनी विद्युत्-तरंगांवर संशोधन केले, मग ते वनस्पतींकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापिले. खोडात विजेची सूक्ष्म सुई हळूहळू आत सारीत ते प्रत्येक थराची नोंद घेत. एका थरात त्यांना स्पंदने आढळली. केवळ केशाकर्षण पुरेसे नाही, जिवंत पेशीच हृदयाप्रमाणे रस वर ढकलतात, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात प्रतिपादिले.

पहिली गोष्ट खरी होती. दुसरी टिकली नाही. विष देऊन खोडातील पेशी मारल्या तरी पाणी चढते, हे बॉनच्या स्ट्रासबुर्गर यांनी आधीच दाखविले होते. डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेला विचारच आज मान्य आहे. पानांतून पाण्याची वाफ होते आणि एकमेकांना घट्ट धरून असलेल्या पाण्याच्या कणांची अखंड धार मुळापासून वर ओढली जाते. बसूंनी आपले मत सोडले नाही. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले.

केशाकर्षण मात्र या खेळातून बाद झालेले नाही. पानातील पेशींच्या भित्तींत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. तेथे ते पाण्याची कड इतकी घट्ट धरते, की खाली लोंबणारी सारी धार तिच्यावर तोलली जाते.