मळा, हौद आणि एक पाळणा

पुण्याला गेलं की आपण सारसबागेतला गणपती करतो, तुळशीबागेत दोन तास घालवतो आणि परतीची एसटी पकडतो. तुळशीबागेपासून गंज पेठ काही लांब नाही, पण तिकडं पाय वळत नाहीत. तिथं जोतीराव फुल्यांचं घर आहे, समताभूमी म्हणतात त्याला. शाळेच्या पुस्तकातले महात्मा फुले आपल्याला पाठ असतात. मुलींची शाळा, १८४८, भिडे वाडा. पण ते हाडाचे शेतकरी होते, हे आपल्या शेतकऱ्यांच्या घरातसुद्धा क्वचितच बोललं जातं.

जोतीरावांचं घराणं मूळ साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले. ११ एप्रिल १८२७ चा त्यांचा जन्म. आई चिमणाबाई, मूल तान्हं असतानाच गेल्या. वडील गोविंदरावांनी दुसरं लग्न केलं नाही. त्यांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर, स्वतः बालविधवा, तिनं या पोराला वाढवलं. एका इंग्रज साहेबाच्या घरी मुलं सांभाळताना तिच्या कानावर इंग्रजी पडलं होतं, शिक्षणाची किंमत तिला ठाऊक होती. लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी जोतीला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावलं, तेव्हा शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी वडिलांची समजूत घातली. पोरगा पुन्हा शाळेत गेला. पण मधल्या त्या काळात हातात आलेलं खुरपं त्यानं आयुष्यभर टाकलं नाही.

१८४० मध्ये लग्न झालं. नवरा तेरा वर्षांचा, नायगावच्या नेवसे पाटलांची सावित्री नऊ वर्षांची. तिला अक्षर नवऱ्यानंच शिकवलं, मळ्यातल्या आंब्याखाली, असं सांगतात. सगुणाबाईही सोबत शिकल्या. पुढं शाळा काढल्यावर समाजाचा दाब इतका वाढला की १८४९ मध्ये वडिलांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. गोविंदराव काही दुष्ट नव्हते हो. बायको गेल्यावर ज्यानं मुलांसाठी दुसरा संसार मांडला नाही, त्या बापाला लोकांच्या भीतीपुढं हे करावं लागलं. दोघांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनी.

घर चालवायला जोतीराव बांधकामाची कंत्राटं घेत, भाजीपाल्याचा व्यापार करत. आणि शेती तर होतीच. खडकवासल्याचं धरण झालं, मुठेचा कालवा आला, पण कालव्याचं पाणी घ्यायला शेतकरी बिचकत होते. जोतीरावांनी मांजरीजवळ जमीन घेतली आणि त्या पाण्यावर बागायत करून दाखवली. आधी करून दाखवायचं, मग सांगायचं, ही त्यांची रीत. १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात नुसती सावकाराची आणि सरकारी नोकरांची गाऱ्हाणी नाहीत. पावसाबरोबर माती वाहून जाऊ नये म्हणून बांध कसे घालावेत, तळी कशी बांधावीत, मोकळ्या बसलेल्या लष्करातल्या आणि पोलिसातल्या माणसांना या कामाला कसं लावावं, हे सगळं त्यात आहे. ज्यानं ढेकळं फोडली आहेत त्यालाच हे सुचणार!

घरातला हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. पाणी ही बायकांच्या अखत्यारीतली गोष्ट. सावित्रीबाईंची मनापासून साथ नसती तर हौद एक दिवसही उघडा राहिला नसता, असं मला वाटतं.

या जोडप्याला मूल झालं नाही. दुसरं लग्न कर, हा आग्रह तेव्हाही झालाच. जोतीरावांनी तो मोडून काढला. दोष नवऱ्यात असेल तर बायकोला दुसरा नवरा करू द्याल का, हा त्यांचा सवाल होता. आजही किती घरांत हा प्रश्न विचारला जातो, सांगा!

१८६३ मध्ये त्यांनी आपल्या घराशीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. १८८४ पर्यंत अशा पस्तीस जणी येऊन गेल्या. त्यांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी निगुतीनं केली. १८७४ मध्ये जीव द्यायला निघालेली काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा अशीच त्यांच्या घरी आली. तिच्या मुलाला या दोघांनी आपला म्हटलं. तोच यशवंत. जुलै १८८७ मध्ये मृत्युपत्र करून जोतीरावांनी त्याला कायद्यानंही वारस केलं.

मार्च १८८८ मध्ये पुण्यात इंग्लंडच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतीराव खांद्यावर घोंगडी टाकून, फाटक्या पागोट्यानिशी गेले. दारावर अडवलंच त्यांना. आत गेल्यावर दागिन्यांनी मढलेल्या मंडळींसमोर त्यांनी सांगितलं, की राणीची खरी प्रजा पाहायची तर खेड्यात चला. दोनच महिन्यांनी, ११ मे रोजी, मुंबईच्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

त्याच वर्षी पक्षाघातानं उजवं अंग गेलं. पैशाची ओढाताण होती, औषधपाणी होतं, यशवंतचं शिक्षण होतं. तरी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. यशवंत दत्तक, त्याचा हक्क नाही म्हणे. सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं स्वतः हातात घेतलं आणि अग्नीही दिला. यशवंत पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून त्यानं हडपसरच्या बाजूला, ससाण्यांच्या मळ्यात, रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोगी उचलून तिथंच आणत. १० मार्चला त्याच साथीनं त्यांना नेलं.