मुक्तांगणच्या मॅडम

न्हावा शेवाच्या बंदरात ऑगस्ट २०२० मध्ये आयुर्वेदिक औषधांच्या नावाखाली आलेला माल उघडण्यात आला, तेव्हा बांबूसारख्या रंगविलेल्या नळ्यांतून १९१ किलो हेरॉईन बाहेर पडले. जुलै २०२१ मध्ये याच बंदरात जवळपास तीनशे किलो हेरॉईन सापडले. सप्टेंबर २०२२ मध्ये तर ज्येष्ठमधाच्या कांड्यांवर चढविलेले सुमारे ३४५ किलो हेरॉईन हाती लागले. अशा जप्तीच्या बातम्या पहिल्या पानावर झळकतात. परंतु तपासयंत्रणेच्या हातून निसटलेली पुडी ज्या घरात पोहोचते, त्या घराचे पुढे काय होते, याची बातमी होत नाही. चार दशकांपूर्वी ज्या थोड्या डॉक्टरांनी त्या घराकडे पाहिले, त्यांत पुण्याच्या डॉ. अनिता अवचट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. मात्र व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात महाराष्ट्रात आजही त्यांच्याच पायवाटेने चालले जाते.

कागदोपत्री अनिता असलेल्या या डॉक्टरांना घरात आणि स्नेह्यांत सुनंदा म्हणूनच ओळखत. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांची आणि ओतूरहून आलेल्या अनिल अवचट यांची ओळख झाली आणि पुढे दोघांनी संसार थाटला. पती डॉक्टर असला तरी त्याचा ओढा दवाखान्याकडे नव्हता. बिहारमधील दुष्काळी भागाच्या अनुभवावरील ‘पूर्णिया’ हे अनिल अवचटांचे पुस्तक १९६९ मध्ये आले आणि त्यांची वाट लेखनाकडे व सामाजिक कामाकडे वळली. या वाटेवर नियमित मिळकत नव्हती. तेव्हा घर चालविण्याची जबाबदारी सुनंदाताईंनी आपल्या नोकरीवर घेतली आणि मुक्ता व यशोदा या दोन मुलींच्या संगोपनाचा मोठा वाटा अनिल अवचटांनी उचलला. त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी घरात ही अदलाबदल सोपी नव्हती. सुनंदाताईंनी मात्र तिचा कधी गाजावाजा केला नाही.

मनोविकारशास्त्र हा त्यांचा विषय. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले. अडीच हजारांहून अधिक खाटांची क्षमता असलेले हे रुग्णालय देशातील मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. नातेवाईकांनी आणून सोडलेली आणि पुन्हा कोणी न्यायला न आलेली माणसे अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहत असतात. उपचारांनी बरा झालेला माणूसही घराने दार लावून घेतले तर बरा राहू शकत नाही, हा धडा तेथे रोज मिळत होता. पुढे व्यसनी माणसांसाठी काम करताना तोच त्यांच्या पद्धतीचा पाया ठरला.

ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या आणि पाठोपाठ पुण्याच्या गल्ल्यांत ब्राऊन शुगर शिरली. अशुद्ध हेरॉईनची ही भुकटी चंदेरी कागदावर ठेवून खालून काडी धरायची आणि निघणारा धूर नळीने ओढायचा, अशी तिची रीत. मराठीत तिला ‘गर्द’ हे नाव पडले. १९७९ नंतर इराण आणि अफगाणिस्तानात उसळलेल्या उलथापालथीमुळे तेथील अफूला नव्या वाटा हव्या होत्या आणि पश्चिम किनाऱ्यावरची शहरे त्या वाटेवर होती. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थविरोधी कडक कायदा केला. स्वतःहून उपचारांसाठी पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद त्यात १९८९ च्या दुरुस्तीने आली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ समाजाच्या लेखी गर्दुल्ला म्हणजे चोर, आणि त्याची जागा पोलीस कोठडीत किंवा वेड्यांच्या इस्पितळात.

अनिल अवचटांनी या विषयावर लिहिलेल्या लेखमालेने मराठी वाचक हादरला. ‘गर्द’ या नावाने ते लेखन पुस्तकरूपानेही आले. ते वाचून अस्वस्थ झालेल्यांत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हे दांपत्य होते. लिहून भागणार नाही, या मुलांसाठी काही उभे केले पाहिजे, असे त्यांना वाटले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानने त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. पैसा आला, पण काम कोण करणार, हा खरा प्रश्न होता. लेखक प्रश्न मांडू शकतो. रुग्णाला तपासणे, औषधे देणे आणि त्याच्यासोबत रात्र काढणे हे काम निराळे. ते सुनंदाताईंनी अंगावर घेतले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात पु. लं.च्या हस्ते मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे उद्घाटन झाले आणि सुनंदाताई सर्वांच्या ‘मॅडम’ झाल्या.

केंद्र सुरू करणे हे धाडसच होते. गर्द बंद केलेल्या माणसाला काही तासांतच अंगदुखी, उलट्या, जुलाब, घाम आणि निद्रानाश यांचा त्रास सुरू होतो. नशा करणाऱ्यांच्या भाषेत ही ‘टर्की’. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिखरावर असते आणि साधारण आठवड्याभरात ओसरते. दारूचे तर याहून अवघड. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी थांबविले तर हात थरथरतात, आकडी येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरची नजर आवश्यक असते. मात्र मॅडमचे खरे काम त्यानंतर सुरू होई. शरीराची मागणी काही दिवसांत संपते, मनाची संपत नाही. औषधाने टर्की जाते. पण संध्याकाळी सात वाजता पाय ज्या दिशेने वळतात, ती दिशा औषधाने बदलत नाही.

यासाठी त्यांनी दिनक्रम बांधला. पहाटे उठणे, योगासने, आपापल्या वाट्याची कामे, गटांतील मोकळ्या चर्चा, समुपदेशन, खेळ आणि संगीत असे त्याचे स्वरूप होते. व्यसनामुळे ज्याचा दिवस आणि रात्र एक झाली आहे, त्याला वेळेवर जेवण्याची आणि झोपण्याची सवय पुन्हा लावावी लागते. पस्तीस दिवसांचा उपचारक्रम ही पुढे मुक्तांगणची ओळख बनली. मारहाण, अपमान आणि कोंडून ठेवणे यांना तेथे थारा नव्हता. माणूस स्वतःच्या इच्छेने राहिला तरच उपचार लागू पडतात, अशी त्यांची धारणा होती. व्यसन हा आजार आहे असे एकदा मान्य केले, की आजाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही, हे त्यांनी आचरणातून दाखवून दिले.

दुसरा धाडसी निर्णय माणसांच्या निवडीचा. व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते म्हणून सोबत घेतले. काल ज्याच्यावर घरातला चमचाही सोपवत नसत, त्याच्या हाती आज केंद्राची जबाबदारी सोपविणे अनेकांना अविवेकी वाटले असते. पण नव्या रुग्णाच्या सबबी त्या वाटेने गेलेल्यालाच ओळखता येतात, आणि बरे होता येते यावर त्याचाच विश्वास बसतो. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची चळवळ उभी राहिली ती याच अनुभवावर. मॅडमनी त्या अनुभवाला मनोविकारशास्त्राची आणि मराठी घराच्या जिव्हाळ्याची जोड दिली. ज्याच्यावर विश्वास टाकला तो कधी घसरलाही. अशा वेळी त्याला पुन्हा दार उघडे असे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर डॉक्टर त्याला हाकलून देत नाही. व्यसनी माणसाची घसरण ही आजाराचाच भाग म्हणून पाहावी लागते.

व्यसन एकाला लागते आणि आजारी सारे घर पडते, हे त्यांनी ओळखले होते. दारुड्याच्या बायकोकडे समाज दोनच नजरांनी पाहतो, एक तर कीव करतो किंवा तिलाच दोष देतो. या स्त्रियांनी एकत्र बसावे, आपली कहाणी सांगावी, दुसरीची ऐकावी यासाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. नवऱ्याच्या उधाऱ्या फेडत राहणे, त्याच्या खाड्यांबद्दल साहेबांना खोटी कारणे सांगणे, मुलांपासून सारे लपविणे, ही सारी मदत प्रत्यक्षात व्यसनालाच पोसते, हे तेथे उमगू लागले. नवरा सुधारो वा न सुधारो, आपण ताठ उभे राहायचे, हे बळ या स्त्रियांना एकमेकींकडून मिळाले.

उपचारांचा तिसरा टप्पा होता पाठपुराव्याचा. केंद्रातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा त्याच चौकात, त्याच मित्रांत आणि त्याच पगाराच्या दिवशी जाऊन उभा राहतो. खरी परीक्षा तिथे असते. म्हणून ठरलेल्या दिवशी भेटीला येणे, गटात बोलणे, व्यसनमुक्तीचे वर्ष पुरे झाले की तो दिवस वाढदिवसासारखा साजरा करणे, ही परंपरा रुजली. पुढे महाराष्ट्रातील अनेक शहरांत असे पाठपुरावा गट सुरू झाले. आज बाह्यरुग्ण उपचार म्हणून ज्याची चर्चा होते, त्याचे मर्म यातच आहे. प्रत्येकाला भरती होण्याची गरज नसते, आणि भरती होऊन गेलेल्या प्रत्येकाला घराजवळचा आधार मात्र लागतोच.

काम ऐन भरात असताना मॅडमना कर्करोगाने गाठले. रोज मृत्यूच्या दारातून माणसे परत आणणाऱ्या डॉक्टरला आपल्या मृत्यूची चाहूल लागली होती. त्यांनी दुखणे लपविले नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. उपचार घेत, जमेल तितका वेळ त्या मुक्तांगणमध्ये येत राहिल्या. समोरच्या रुग्णांना त्यांच्या आजाराविषयी ठाऊक होते. गर्द सोडताना आपले अंग दुखते म्हणून रडणाऱ्या तरुणासमोर त्याहून मोठी वेदना शांतपणे सोसणारी बाई बसलेली असे. तिला वेगळा उपदेश करावा लागत नसे. १० फेब्रुवारी १९९७ रोजी हा झगडा थांबला. संकटांशी झुंजणाऱ्या व्यक्तींना त्यांच्या स्मृतिदिनी दिला जाणारा ‘संघर्ष सन्मान’ पुरस्कार त्यांच्या या झुंजीची आठवण ठेवतो.

संस्थापक गेल्यावर अनेक संस्था कोमेजतात. मुक्तांगणचे तसे झाले नाही, कारण मॅडमनी काम स्वतःभोवती न बांधता माणसांत वाटून ठेवले होते. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा उचलली, येरवड्यातच संस्थेची स्वतःची वास्तू झाली, स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग निघाला. २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचटही गेले. काम चालूच आहे.

तरीही गरज आणि सोय यांतील दरी मोठी आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात पाच कोटी सत्तर लाखांहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी, तर सुमारे ७७ लाखांना अफूजन्य पदार्थांच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एखाद्यालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. न्हावा शेवाच्या रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर ओढणारा चालक किंवा उरणच्या गावातील तरुण दर आठवड्याला घाट ओलांडून येरवड्याला जाऊ शकत नाही. त्याला जवळच्या आरोग्य केंद्रातच नाव न ठेवणारा डॉक्टर, त्या वाटेने गेलेला सोबती आणि पुढच्या आठवड्याची ठरलेली वेळ मिळायला हवी. मनोरुग्णालयाच्या आवारातील एका इमारतीत, एक लाखाच्या देणगीवर हे घडू शकते, हे डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्येच दाखवून दिले आहे.