मांडवीचे डॉक्टर अकासियो व्हिएगस

१८ ऑक्टोबर हा वैद्यांचे आश्रयदाते संत लूक यांचा सण. त्या निमित्ताने हुडकेश्वर परिसरातील आम्ही भाविक एका गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांचे स्मरण करू इच्छितो. आमच्यापैकी पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकलेले नाही. मात्र मुंबईत प्लेग आला आहे, हे ओळखून ते उघडपणे सांगण्याचे धैर्य प्रथम त्यांनी दाखविले.

अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील हडफडे या गावी झाला. आईचे छत्र लवकर हरपले आणि वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईस पाठविले. सेंट मेरीज शाळेतून ते १८७४ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी प्रथम वर्गात संपादन केली. एवढ्या गुणवत्तेच्या डॉक्टरास प्रशस्त वस्तीत दवाखाना थाटणे कठीण नव्हते. त्यांनी मात्र गोदीलगतची मांडवी निवडली. धान्याची कोठारे, अंधाऱ्या चाळी, तुंबलेली गटारे आणि दाटीवाटीने राहणारे कष्टकरी असा तो भाग होता. १८८८ पासून ते महापालिकेचे सदस्यही होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत तापाचे रुग्ण वाढू लागले. ताप तर मुंबईत पावसाळ्याअखेरीस नेहमीचाच! पण हे रुग्ण एकदोन दिवसांतच गलितगात्र होत, भ्रमात बडबडत आणि कित्येक दगावत. अनेकांच्या जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आलेली असे. कोठारांतून मेलेले उंदीर निघत होते, तेही लोकांनी पाहिले होते. व्हिएगस यांनी गाठी तपासल्या, लक्षणे एकमेकांशी ताडून पाहिली आणि हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला होता. मुंबईतील बहुतेक डॉक्टरांनी मात्र हा रोग केवळ पुस्तकात वाचलेला होता.

निदान जाहीर करणे हे निदान करण्याहून अवघड ठरले. मुंबई बंदराचे शहर. प्लेगचे नाव घेतले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडविणार आणि व्यापार बसणार, ही भीती उघड होती. साध्या तापास प्लेग म्हणून घबराट पसरविणारा डॉक्टर, असा ठपका येण्याचाही धोका होता. तरीही त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे ही गोष्ट मांडली. इतर तज्ज्ञांनी तपासणी केली व त्यांचे निदान खरे ठरले.

तापास ताप म्हणून सोडून देण्याची ही सवय आमच्यातही आहे. छातीत दाब येऊन घाम फुटला की आम्ही गॅस समजून सोडा घेतो. तोंड वाकडे होऊन जीभ अडखळली की हवा लागली म्हणतो. मेंदूतील गाठ विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून ती वेळ घड्याळात पाहून ठेवणे इष्ट. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो केवळ अशक्तपणा नव्हे. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता पुन्हा मांडवीकडे वळू. त्याच वर्षी सरकारने डॉ. हाफकिन यांना मुंबईस आणले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. दरम्यान शहरातील लाखो लोक गावी पळाले. रोग आगगाडीबरोबर दूरवर गेला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेग आपल्या नागपुरातही येऊन पोहोचला. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांतून लोकांनी संरक्षणासाठी प्लेगचे क्रूस उभारले. त्यांपैकी काही आजही उभे आहेत.

व्हिएगस मांडवी सोडून गेले नाहीत. प्रतिजैविके अद्याप कित्येक दशके दूर होती. पिसवांमुळे रोग पसरतो, ही कल्पनाही १८९८ मध्ये पुढे आली आणि ती मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. अशा काळात ते रुग्णांच्या खाटेशी बसत होते. लोकांना लशीचा धाक वाटे, तर सक्तीची घरझडती आणि विलगीकरण यांच्या भीतीने कित्येक घरी रुग्ण लपविले जात. अशा लोकांपैकी सुमारे १८ हजार जणांना व्हिएगस यांनी स्वहस्ते लस टोचली, असे सांगितले जाते. आमच्या मते त्यांच्या निदानाइतकेच हे कार्यही थोर आहे. अनोळखी माणसाकडून सुई टोचून घ्यायला दंड पुढे होत नाही. वर्षानुवर्षे ओळखीच्या डॉक्टरापुढे होतो.

१९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. तो मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती होत. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे व्हावे, हाही त्यांचा आग्रह होता. १९३३ मध्ये ते निवर्तले. मुंबईत धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. मरीन लाइन्स स्थानकावर उतरल्यास पायी काही मिनिटांतच तेथे पोहोचता येते.