स्वान्ते अऱ्हेनियस आणि आम्लाचे विरलीकरण

आमच्या कोळगावापासून बोईसर-तारापूरचे रासायनिक कारखाने दूर नाहीत. तेव्हा आम्ल हा शब्द येथील मुलांस केवळ पुस्तकातून ठाऊक झालेला नाही. आम्लात पाणी मिसळले की त्याची आम्लता किती उतरते, हा प्रश्न वरवर पाहता बाळबोध वाटतो. परंतु त्याचा उलगडा करण्यापायी स्वीडन देशातील एका तरुणाचे सारे भवितव्य पणास लागले होते.

स्वान्ते अऱ्हेनियस ह्यांचा जन्म १८५९ साली उप्साला नगराजवळ झाला. तिसऱ्या वर्षीच ते आपले आपण वाचावयास शिकले, असे सांगतात. उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान न झाल्यामुळे १८८१ साली ते स्टॉकहोमास गेले व तेथे अत्यंत विरल द्रावणांतून विद्युत् कशी वाहते ह्याचे मापन करीत बसले. पाणी वाढवीत जावे तसा विरघळलेल्या पदार्थाचा अधिकाधिक अंश कार्यक्षम होतो, असे त्यांस आढळून आले. १८८४ साली हा प्रबंध त्यांनी उप्सालास सादर केला. परीक्षकांनी त्यास चौथी श्रेणी दिली! अशा श्रेणीवर अध्यापकाची जागा मिळण्याची आशा नव्हती.

त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी विद्वानांकडे धाडल्या. रीगा येथील ओस्टवाल्ड हे तो वाचून इतके भारावले की त्याच वर्षी ते स्वतः उप्सालास येऊन त्यांस भेटले. मग विद्यापीठाचे मत पालटण्यास वेळ लागला नाही. १८८७ साली अऱ्हेनियस ह्यांनी आपला सिद्धान्त पूर्ण रूपात मांडला: आम्ल पाण्यात पडताच त्याचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. पुढील वर्षी ओस्टवाल्ड ह्यांनी विरलीकरणाचा नियम गणिताने बांधून दिला.

येथे विद्यार्थ्यांनी किंचित थांबावे, कारण नेमकी येथेच गफलत होते. सिरक्यातील ॲसेटिक आम्लाचे लिटरास दशांश मोल असे द्रावण घेतले, तर शेकडा सुमारे १.३ रेणूच फुटलेले असतात. पाणी घालून ते दहापट केले की हे प्रमाण शेकडा ४ च्या वर जाते. मग आम्लता वाढली काय? मुळीच नाही, आयन अधिक सुटले खरे, परंतु ते दहापट जागेत विखुरले. सामू २.९ वरून ३.४ च्या आसपास येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल मुळातच जवळजवळ पूर्ण फुटलेले असल्याने त्याचा सामू तेवढ्याच पाण्याने पुरा एकाने चढतो, १ चा २ होतो. कितीही पाणी ओतले तरी सामू ७ च्या पलीकडे मात्र जात नाही. पाण्याचे स्वतःचे आयन तेथे असतातच. (सामूचे हे माप सोरेनसेन ह्यांनी १९०९ साली दिले.)

अऱ्हेनियस १८९५ साली स्टॉकहोम येथे प्राध्यापक झाले व १९२७ साली निवर्तले. १९०३ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते ज्या समितीच्या शिफारशीने मिळाले, तिचे अध्यक्ष क्लेव्ह होते. उप्सालातील त्यांचे ते जुने रसायनगुरू, ज्यांना १८८४ साली ह्या प्रबंधात काही विशेष दिसले नव्हते.