रानफुलांच्या शोधांत : जॉर्जियाना मोलॉयबाईंचें चरित्र

फूल पाहून आनंद पावणें कोणासही साधतें. परंतु तें फूल कोणत्या झाडाचें, तें कोठें उगवतें, कोणत्या मातींत व कोणत्या ऋतूंत, हें नीट पाहून लिहून ठेवणें फार थोड्यांस साधतें. संसाराचे कष्ट आणि दुःख ह्यांतून वाट काढीत ज्या एका बाईंनीं हें काम पार पाडिलें, त्यांचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉर्जियाना केनेडी ह्यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तरेस कार्लाइल शहराजवळ ता. २३ मे १८०५ रोजीं झाला. तरुणपणींच त्यांच्या मनाचा ओढा धर्माकडे लागला, व तो शेवटपर्यंत टिकला. १८२९ सालीं, वॉटर्लूच्या रणांगणावर लढलेले कॅप्टन जॉन मोलॉय ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पति वयानें पुष्कळच मोठे होते. लग्नानंतर लवकरच हें जोडपें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील नव्या वसाहतीकडे जहाजानें निघालें, आणि १८३० च्या मे महिन्यांत त्या खंडाच्या अगदीं नैर्ऋत्य कोपऱ्यांत, ब्लॅकवुड नदीच्या मुखाशीं, ऑगस्टा येथें उतरलें. तिकडे पाऊस हिवाळ्यांत पडतो, व हे दिवस त्याच पावसाचे होते. राहावयास घर नव्हतें. अशा स्थितींत, उतरल्यावर थोड्याच दिवसांत, त्यांस पहिली मुलगी झाली आणि लागलीच वारली. परक्या भूमीशीं त्यांची ओळख एका लहानशा थडग्यानें झाली.

पुढें कांहीं वर्षें स्वयंपाक, धुणें, शिवण, मुलांचें संगोपन ह्यांतच गेलीं. कॅप्टनसाहेब वसाहतीचे न्यायाधिकारी असल्यामुळें वारंवार बाहेरगांवीं असत. बाईंनीं घराभोंवतीं बाग केली. पण ती विलायतेहून आणिलेल्या बियांची. कुंपणापलीकडच्या रानांतील फुलांकडे निरखून पाहावयास त्यांस अद्याप सवड नव्हती.

१८३६ च्या डिसेंबरांत त्यांच्या नांवें एक पेटी आली. ती धाडणारे कॅप्टन जेम्स मँगल्स हे आरमारांतून निवृत्त झालेले, बागेचे शोकी गृहस्थ होते. पेटींत इंग्लंडांतील फुलांचें बीं व एक कोऱ्या पानांची मोठी वही होती. विनंति अशी कीं, त्या भागांतील वनस्पतींचे नमुने वाळवून ह्या वहींत लावावे व त्यांचें बीं धाडावें. बाईंनीं शास्त्राचें शिक्षण घेतलेलें नव्हतें. तरी त्यांनीं होकार दिला.

काम सुरू झालें न झालें तोंच त्यांच्यावर घाला पडला. १८३७ च्या नोव्हेंबरांत त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन घराजवळच्या विहिरींत पडून बुडाला. तो पुरता दोन वर्षांचाही नव्हता. ह्या दुःखाचें वर्णन आम्ही करूं इच्छित नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं लहान मूल आहे त्यांस तें सांगावें लागणार नाहीं. त्या माउलीनें ही वार्ता पत्रानें मँगल्स ह्यांस कळविली, आणि शोकाच्या त्याच दिवसांत वहीचें काम पुन्हां हातीं घेतलें. राहिलेल्या मुलींस बरोबर घेऊन त्या रानांत जाऊं लागल्या. दुःख गेलें नाहीं. पण त्या दुःखास हात आणि डोळे लाभले.

त्यांच्या कामाची रीत विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. फुललेली डहाळी तोडून वाळवावयाची, तिला क्रमांक द्यावयाचा. मग तेंच झाड ध्यानांत ठेवून बीं पिकेपर्यंत वाट पाहावयाची, आणि त्या बियांस तोच क्रमांक द्यावयाचा. सोबत जागा कोणती, माती कसली, हें लिहावयाचें. झाड वाळूंत वाढतें कीं दलदलींत, हें कळल्यावांचून दूरदेशचा माळी तें बीं कसें लावणार? बीं अर्धें कच्चें तोडलें तर तें रुजत नाहीं, व उशीर केला तर शेंग फुटून तें उडून जातें. म्हणून एकाच झाडाकडे पुनःपुन्हां फेऱ्या घालाव्या लागत. मोलॉयबाईंचें बीं स्वच्छ व निवडलेलें असे. इंग्लंडांत तें रुजलें, आणि तेथील जाणत्या बागवानांनीं त्याची वाखाणणी केली.

मँगल्स ह्यांस नुयट्सिया नांवाच्या झाडाच्या बियांची फार इच्छा होती. ऐन नाताळाच्या सुमारास हें झाड नारिंगी-पिवळ्या फुलांनीं पेटल्यासारखें दिसतें; म्हणून वसाहतवाले त्यास नाताळचें झाड म्हणत. आपलीं मुळें शेजारच्या वनस्पतींच्या मुळांस भिडवून तें त्यांतून पाणी ओढून घेतें. त्याचें पक्कें बीं मिळविणें मोठ्या यातायातीचें होतें. अशा कामीं बाईंस त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची, नूंगर लोकांची, मदत झाली. कोणतें झाड कोठें व केव्हां फुलतें हें त्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. गोऱ्या माणसांपेक्षां हेच लोक ह्या कामास योग्य, असें बाईंचें मत झालें होतें.

१८३९ सालीं मोलॉय कुटुंब उत्तरेकडे वासे नदीच्या कांठीं राहावयास गेलें. तेथें निराळी माती, निराळीं फुलें. बाईंनीं दुसरा संग्रह सिद्ध केला. पण ह्या कथेची काळी बाजू आम्ही मुलांपासून लपवीत नाहीं. १८४१ सालीं लेमन नांवाचा वसाहतवाला मारला गेला, तेव्हां कॅप्टन मोलॉय व इतर गोऱ्यांनीं वोनरपच्या आसपास अनेक नूंगर लोकांस ठार मारिलें. ज्यांनीं फुलांच्या वाटा दाखविल्या त्यांच्याच लोकांवर ही वेळ आली. हें स्मरणांत न ठेवतां केलेली त्या फुलांची स्तुति अपुरी होईल.

१८४२ च्या डिसेंबरांत बाईंस सातवें अपत्य झालें. त्यानंतर त्यांची प्रकृति सुधारली नाहीं, आणि ता. ८ एप्रिल १८४३ रोजीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, त्या ख्रिस्तवासी झाल्या. ज्यांच्यासाठीं इतके श्रम केले त्या मँगल्स ह्यांची व त्यांची भेट कधींही झाली नाहीं. ओलसर जागीं, ओढ्यांच्या कांठीं वाढणाऱ्या गर्द गुलाबी फुलांच्या एका झुडुपास वनस्पतिसंग्राहक जेम्स ड्रमंड ह्यांनीं बोरोनिया मोलॉयी असें नांव दिलें; तेंच त्यांचें स्मारक होय. त्या नैर्ऋत्य भागांत वनस्पतींच्या सुमारें ८,००० जाति आहेत, व त्यांतील जवळजवळ निम्म्या जगांत दुसरीकडे कोठेंही नैसर्गिकपणें उगवत नाहींत, हें आज शास्त्रज्ञ सांगतात. ही संपत्ति जगास दाखविणाऱ्यांत, पाठीशीं कोणतेंही विद्यापीठ नसलेल्या ह्या गृहिणीचा वांटा आहे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टींत एक वही घ्या. एक रानफूल वाळवून तींत लावा आणि त्याखालीं दिनांक, जागा व माती लिहा. नांव ठाऊक नसेल तर गांवांतील म्हाताऱ्या माणसांस आदरानें विचारा, व ज्यांनीं सांगितलें त्यांचेंही नांव वहींत लिहावयास विसरूं नका.