मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

जवाहरनगर (जि. भंडारा) : विद्यार्थिकेंद्रित शिक्षणाची चर्चा आज सर्वत्र होत असते. मात्र मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्रात प्रत्यक्ष आचरणात आणला तो पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही काळ त्यांचे वास्तव्य विदर्भात, अमरावतीस होते. वैवाहिक जीवनात मात्र त्यांना सुख लाभले नाही. विभक्त झाल्यावर त्यांनी राजकोटला नोकरी पत्करली आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यात स्वतःला वाहून घेतले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले.

माँटेसरी पद्धतीची साधने महागडी असल्याने हे शिक्षण शहरातील सुखवस्तू घरांपुरतेच राहील, ही खंत त्यांना अस्वस्थ करीत होती. म्हणून १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी गाठले. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच तेथील शैक्षणिक साधने ठरली. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांच्याच अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजाच्या मुलांसाठी कार्य सुरू झाले. मोठी मुले गुरे राखत आणि धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यांना दोष न देता ताराबाईंनी कारण शोधले. गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरविली. धाकट्यांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी व शाळा अशी सांगड त्यांनी विकासवाडीत घातली. गळती रोखण्याचा हा उपाय मुलांचे जीवन जवळून पाहिल्यामुळेच सुचला होता.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही आज अंगणवाड्या भरतात. तेथे मूल केवळ पटावरचा आकडा न राहता शिक्षणाचा केंद्रबिंदू ठरावे, हीच ताराबाईंच्या कार्याची खरी कसोटी आहे.